उघाडीवरची हाक

साहेब, माझ्या बापाला तुम्ही मारलंत आणि नाव प्रोटीनचं सांगितलंत.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमची बदली होईल, खुर्चीत दुसरा बसेल, आणि तोही तेच बोलेल जे तुम्ही बोललात. म्हणून खुर्चीलाच बोलतो. शाळा माझी सातवीला सुटली. पुढचं वाचायला शिकलो ते रद्दीवर आणि तुमच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर. तेव्हा माझं शुद्धलेखन काढू नका, मुद्दा काढा.

माझ्या बापाचं नाव हिरामण. आमचं गाव तुर्भ्याच्या खालच्या अंगाला, खाडीला चिकटून. तुमच्या चार मजली बिल्डिंगा जिथे उभ्या आहेत तिथे आमची भातखाचरं होती. खाडीचं खारं पाणी खाचरात घुसू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध होता, आणि त्या बांधाच्या दोन टोकांना दोन उघाड्या. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या उचलायच्या, शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती फिरायच्या आत फळ्या खाली टाकायच्या. दोनातलं एक दार जरी उघडं राहिलं तरी सगळ्या गावाचं भात जळणार, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धरणार नाही.

एक उघाडी माझ्या बापाकडे, दुसरी गोटीरामकाकाकडे. मध्ये तिवरांचं रान, त्यामुळे एकाला दुसरा दिसायचा नाही. म्हणून आमच्या बांधाचा एक नियम होता. दार लावलं की हाक द्यायची, ‘मिटलीऽऽ!’ पलीकडून उत्तर यायचं, ‘मिटलीऽऽ!’ उत्तर ऐकल्याशिवाय कुणी घरी फिरकायचं नाही. आणि उत्तर आलंच नाही, तर बांधावरून धावत दुसऱ्या टोकाला जायचं. तिथला गडी झोपला असो, प्यालेला असो, साप चावून पडला असो, आधी त्याचं दार लावायचं आणि मग त्याच्याकडे बघायचं. माझ्या आज्यापासून हेच चाललेलं. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या मी दोन हाका ऐकायचो, दुसरी ऐकली की झोप यायची.

मग तुम्ही आलात, नवं शहर वसवायला. जमीन गेली, बांध फोडलात, वर मुरूम पसरलात. ते सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर मोर्चे निघाले, गोळ्याही चालल्या. आज मी त्यावर बोलत नाही. मी बोलतोय तलावावर. भराव टाकल्यावर पावसाचं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न तुम्हाला पडला तेव्हा जुन्या बांधाच्या रेषेवरच तुम्ही भला मोठा खड्डा खणलात. तुम्ही त्याला धारण तलाव म्हणता. कडेला दगड बसवलेत, तेही असे उतरते की शेवाळ धरल्यावर त्यावर बकरीसुद्धा टिकत नाही. आणि कुंपण नाही. बापाची उघाडी तलावाच्या ह्या काठाला होती, गोटीरामकाकाची त्या काठाला. मधला बांध, ज्यावरून धावत जायचं, तो पाण्याखाली.

जमीन गेल्यावर बाप तुर्भ्याच्या एका कारखान्यात गेटवर राखणदार लागला. सात-आठ वर्षं नीट गेली. मग एकदा गेटवर मला बघून म्हणाला, "कोनाला भेटाचा हाय?" मला वाटलं मस्करी करतोय. हसलो. तो हसला नाही.

त्यानंतर चपला पाण्याच्या हंड्यात सापडायला लागल्या. जेवून उठायचा आणि आईला विचारायचा, "आज चूल पेटली नाय का?" कारखान्यातून घरची वाट चुकला, ट्रकवाल्याने पनवेलहून आणून सोडला. नोकरी गेली. तेव्हा त्याची साठीही आली नव्हती.

गावाने ठरवून टाकलं, जमीन गेली म्हणून डोकं गेलं. आमचे रावसाहेब, गावचे पुढारी, त्यांनी तर बापाला मोर्च्यात ट्रकवर उभा केला आणि माइकवर सांगितलं, "बघा, सरकारनं या मानसाचा काय केला!" बाप गर्दीकडे बघत होता. मग त्याने हळूच रावसाहेबांना विचारलं, "लगीन कोनाचा हाय?"

लोक हसले. मीपण हसलो असतो, पण तो माझा बाप होता.

पुढे बाप घरातून निसटायला लागला. वेळ ठरलेली नाही. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी संध्याकाळी दिवे लागताना. आम्ही शोधत फिरायचो आणि दरवेळी तो सापडायचा तलावाच्या काठावर, दगडांच्या टोकाशी. वाकून फळ्या टाकल्यासारखे हात करायचा आणि तोंडाशी पंजा धरून ओरडायचा, ‘मिटलीऽऽ!’

माझी आई सखू. तिला हे आधी उमगलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून म्हणाली, "नामा, यो वेडा नाय. यो भरतीच्या आंगानं उठतंय." खरंच होतं. भरतीची वेळ रोज पुढे पुढे सरकते, तसा बापही सरकत होता. खाडी तर तुम्ही पार लांब ढकललीत, घरातून पाणी दिसतही नव्हतं. तरी ह्याच्या अंगात ते फिरत होतं.

मग सोपं झालं. आई तिथी बघून अंदाज बांधायची, तेवढ्या वेळात त्याच्यावर डोळा ठेवायचा. निघालाच तर अडवायचं नाही, अडवला की मारायला धावायचा. सोबत जायचं. गोटीरामकाका बिल्डिंगच्या भिंतीआड उभे राहायचे. बापाने हाक दिली की आडून उत्तर द्यायचे, ‘मिटलीऽऽ!’ बाप मान हलवायचा, हात धोतराला पुसायचा, आणि शहाण्या मुलासारखा घरी यायचा. उत्तर मिळालं की त्याचं सगळं मिटायचं.

वाटेत गोटीरामकाका समोर आले की बाप विचारायचा, "तू कोन रं?"

"तुजा सासरा," काका म्हणायचे.

"माजा सासरा इतका काला नव्हता."

"बघ सखू," काका आईला सांगायचे, "मना वलकत नाय, पन माजा रंग बराबर वलकतो."

आई पदर तोंडाला लावून हसायची. त्या दोन-तीन वर्षांत ती हसली असेल तर तेवढीच.

एका ओळखीच्याने चिठ्ठी दिली म्हणून मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे मेंदूच्या डॉक्टर होत्या, सुनीतीबाई. तरुण होत्या, पण बापाशी बोलल्या त्या आधी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसून. उभ्याने नाही. तुमच्या ऑफिसात मी हे कधी पाहिलं नाही.

"आजोबा, आज वार कोणता?"

"वार काय करतेस, तिथी इचार."

"बरं, साल कोणतं?"

बापाने बराच विचार केला. "भात चांगला झाला ता साल."

बाईंनी खूप तपासण्या केल्या. मग आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. हा जमिनीचा धक्का नाही, दारू नाही, भूत नाही, वयाचा विसराळूपणाही नाही. हा मेंदूचा आजार आहे. शरीर स्वतःच एक प्रोटीन बनवतं. चांगल्या माणसात त्याचा निचरा होतो. ह्यांच्यात ते वेडंवाकडं बनतं, विरघळत नाही, निघत नाही, पेशींच्या मध्ये त्याच्या गुठळ्या साचत जातात. आणि पेशींच्या आत दुसऱ्या एका प्रोटीनच्या दोऱ्यांचा गुंता होतो. मग एकेक पेशी मरते.

आईला प्रोटीन हा शब्द आरोग्यकेंद्रातल्या तक्त्यावरून माहीत होता. "म्हंजे डालीतला? मंग डाल बंद करू का याची?"

"नाही हो आजी. डाळ द्या, सगळं द्या. खाण्याशी संबंध नाही."

"मंग काडा ना ता आतून. हिरीतला गाल काडतात तसा."

"काढता येत नाही."

मी विचारलं, साचतं म्हणून पेशी मरतात, की मेल्यावर साचतं? बाई म्हणाल्या, "ह्यावरच जगभर भांडणं चालू आहेत. हे प्रोटीन वेगळं काढून ओळखलंय तेच दोन वर्षांपूर्वी. मला माहीत नाही. आणि खात्रीने सांगायचं तर मेंदूचा तुकडा बघावा लागतो, तो माणूस गेल्यावर."

"जमीन गेली नसती तर?"

"तरी झालं असतं, असं मला वाटतं."

साहेब, त्या वेळी मला त्या बाईंचा राग आला. दहा वर्षं एक शिवी तोंडात धरून ठेवलेली, ती बाईंनी काढून घेतली. पण त्या खोटं बोलल्या नाहीत म्हणून आज त्यांना मानतो.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. नवं आधी पुसलं जातं, जुनं शेवटपर्यंत टिकतं. आईने ते वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं. नवरा तिला विसरेल, मला विसरेल, पण भरती विसरणार नाही. भरती म्हणजे जुन्यातलं जुनं. आम्हा खाडीकाठच्या माणसांना हे पटायला वेळ लागला नाही, आम्ही स्वतःचं वय चुकतो पण भरती चुकत नाही. त्या भरवशावर आमचा पहारा उभा राहिला.

रावसाहेबांना हे सांगितलं तर ते वैतागले. "नामा, ह्या प्रोटीन-बिटीन मोर्च्यात काडू नको. आपली केस पातल होईल."

म्हणजे आजारी बाप गावालाही नको होता. वेडा हवा होता.

मग मी तुमच्याकडे आलो. आठवतं? नसेल आठवत, तुमच्या डोक्यात काहीही साचत नाही. मी हॉस्पिटलची चिठ्ठी पुढे ठेवली आणि सांगितलं, बाप तलावावर येतो, थांबवता येत नाही, कुंपण घाला. जास्त नको, कमरेएवढी भिंत घाला.

तुम्ही चहात बिस्कीट बुडवत होता. "तार लावली तर तुमचेच लोक रात्रीत विकतील."

"भिंत विकत नाही कुणी, साहेब."

"एका वेड्यासाठी भिंत बांधू? उद्या दुसरा येईल, म्हणेल माझी म्हैस पडते."

"म्हैस पडत असेल तर तिच्यासाठीपण बांधा."

तुम्ही हसलात. "घरात बांधून ठेव ना म्हाताऱ्याला."

बिस्कीट तुटून चहात पडलं, ते काढायला तुम्ही चमचा मागवलात. चमचा लगेच आला. त्या ऑफिसात लगेच आलेली तेवढीच वस्तू मी पाहिली.

बाप गेला तो दिवस सांगतो.

दुपार होती. खाडी पार आटलेली, चिखल उघडा पडलेला. आईच्या हिशोबाने भरतीला संध्याकाळ होणार होती. मी कंपनीत पाळीवर होतो. गोटीरामकाका नातवाच्या बारशाला उरणला गेले होते, भरतीपर्यंत परत येतो म्हणाले होते. आई नळावर गेली. ओहोटीच्या दुपारी बाप कधीच हलला नव्हता, ओटीवर बसून जाळ्याची गाठ मारत बसायचा.

त्या दुपारी तो उठला आणि निघाला.

बाप भरती विसरला होता. गुठळी तिथवर पोचली होती. जुनं शेवटपर्यंत टिकतं म्हणे. त्याचा शेवट आलाय हे आम्हाला कळलं नाही.

तलावासमोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या. "ते रोजच ओरडायचे हो. त्या दिवशी मात्र थांबेचनात. ओरडायचे, मग कान देऊन उभे राहायचे. पुन्हा ओरडायचे. मला वाटलं, येईल त्यांचं कुणीतरी न्यायला. मी कपडे वाळत घालून आत गेले."

त्या बाईंना मी काय बोलणार? सांगलीहून आलेल्या, त्यांना उघाडी काय माहीत. ‘मिटली’ एवढं एक कुणी म्हटलं असतं तर बाप धोतराला हात पुसून घरी आला असता, हे त्यांना कसं कळावं?

उत्तर आलं नाही. मग बापाने केलं ते, जे बांधावरचा कुठलाही गडी करेल. पलीकडे गोटीराम पडला असेल, त्याचं दार उघडं असेल, गावाचं भात जाईल. तो दुसऱ्या टोकाकडे धावत निघाला. बांधावरून. ज्या बांधावर तुम्ही तलाव खणलात.

गावातल्या पोरांनी गळ टाकून त्याला काढला. मुठीत शेवाळ होतं. म्हणजे वर यायला त्याने दगड धरले होते, साहेब.

तुमचा माणूस पंचनाम्याला आला. नाक न लावताच म्हणाला, "प्यायलेला असणार." पेपरात दोन ओळी आल्या, नशेत तोल जाऊन एका वृद्धाचा मृत्यू. ज्याने आजार लागल्यापासून थेंब घेतला नव्हता, कारण ग्लास कशाला असतो हेच तो विसरला होता, त्याला तुम्ही बेवडा केलंत.

म्हणून, बाप अजून शवागारात असतानाच, मी सुनीतीबाईंना फोन लावला. म्हटलं, मेंदू बघा आणि लिहून द्या. त्या म्हणाल्या, तुमच्या आईंची परवानगी लागेल.

आई हॉस्पिटलच्या पायरीवर बसली होती. अर्धा माणूस जाळायचा का, हे तिला पटत नव्हतं. बाई तिच्याशेजारी पायरीवरच बसल्या. मग आईच म्हणाली, "ने बाई. तसा पन त्याचा डोका त्याच्याजवल कवा व्हता? पन कापून बगशील तवा मना सांग, आत मी व्हती का."

सुनीतीबाईंनी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

पुढे त्यांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. चांदीचा क्षार लावून रंगवलेली बापाच्या मेंदूची पापुद्र्याएवढी चकती. पिवळट जागेवर काळे-तपकिरी डाग, जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकतात तसे. जागोजाग. मधेमधे जळक्या सुतळीच्या गाठी, त्या मेलेल्या पेशी. बाईंनी बोट दाखवून सांगितलं, हे साचलेलं प्रोटीन, हा गुंता. मी किती वेळ त्या नळीला डोळा लावून होतो. ह्यातला कुठला डाग माझ्यावर पडला? कुठला आईवर? कुठल्या डागाने त्या दुपारी भरती झाकली?

घरी आलो. आई चुलीपुढे होती. वर न बघता म्हणाली, "मी व्हती का?"

"नाय, आये. डाग व्हते नुसते."

तिने लाकूड आत सारलं. "मंग कापला कशाला?"

उत्तर एकच होतं माझ्याकडे. त्याला बेवडा म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला. बाईंचा कागद घेऊन मी तुमच्यासमोर उभा राहिलो. तुम्ही वाचलात. शांतपणे, पहिल्यांदाच नीट वाचलात. आणि वाचता वाचता तुमचा चेहरा उजळत गेला. घामेजल्या माणसाला पंखा मिळावा तसा.

"म्हणजे दारू नव्हती," तुम्ही म्हणालात.

"नव्हती."

"मेंदूचा आजार. प्रोटीन साचल्यामुळे."

"होय."

"मग प्रश्नच मिटला. आधी सांगायचं नाही का? नैसर्गिक मृत्यू. ह्यात आमच्या तलावाचा काय संबंध?"

आणि माझाच कागद तुम्ही तुमच्या फाइलला लावलात. माझ्या बापाचं डोकं कापून मी जो पुरावा आणला त्यानेच तुम्ही हात पुसलेत. काल दारू होती तेव्हा दोष बापाचा. आज प्रोटीन आहे तर दोष प्रोटीनचा. परवा एखादी म्हैस पडेल, त्या दिवशी दोष म्हशीच्या खुरांचा. तलाव आपला जन्मतःच निर्दोष.

ऐका मग. ते प्रोटीन माझ्या बापाला मारणारच होतं. सुनीतीबाईंनी सांगितलंय कसं: पुढे गिळायचं विसरला असता, उठायचं विसरला असता, आईच्या मांडीवर वाळून वाळून गेला असता. वाईट मरण, पण ते त्याचं मरण होतं. आईच्या मांडीवरचं. ते तुम्ही घेतलंत. त्याच्या फुप्फुसात जे सापडलं ते प्रोटीन नव्हतं, पाणी होतं. तुमचं.

पाऊस पुन्हा तोंडावर आलाय. तलाव आहे तसाच आहे. कडेच्या दगडांवर नवं शेवाळ धरलंय, बिल्डिंगमधली पोरं तिथे बॉल आणायला उतरतात. गोटीरामकाका आता तिकडून जात नाहीत, लांबून फेरा घेतात.

बांधावरचा नियम मी तुम्हाला वर सांगितला, तो पुन्हा वाचा. हाक दिली की उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर हाक देणारा घरी जात नाही, तो पलीकडच्या दारापर्यंत चालत येतो. दार तुमचं आहे, साहेब, आणि मला वाट पाठ आहे.

कमरेएवढी भिंत मागितली होती. ती का बांधली नाहीत? प्रोटीनचं नाव न घेता बोला.